शंकर नगरातलं अस्वल

"आता मी जे सांगून राहिली, ते या हॉलमधला एकही माणूस खरं मानणार नाही. आणि नाही मानलं तरी माझं काही बिघडत नाही," माइक स्वतःकडे ओढत वनमालाबाई म्हणाल्या, आणि पुढच्या रांगेतली पोरं गोष्टीच्या आधीच हसली. रायपूरच्या चौबे कॉलनीत ही सुरुवात लहानथोरांना पाठ होती. याच बाईंनी म्हणे एकदा नुसता पदर हलवून लोहखनिजाची मालगाडी उभी केली होती, आणि महानदीच्या मगरीला तंबाखूची सवय लावून मग ती सोडवलीही होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे गेले, पण जीभ अजून दोन-दोन पायऱ्या एका दमात चढत होती. तर अशी ती जीभ सुटणार, तेवढ्यात बाईंची नजर तिसऱ्या रांगेच्या टोकाला गेली. तिथे एक बाई मुलांच्या हातांवर काळ्या पेनानं गोदना काढत बसली होती. गोदना म्हणजे आपलं गोंदण, आज शाळेत त्याचाच उत्सव होता. उकाडा फार. तिनं डावी बाही कोपरावर सारली, आणि कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी ट्यूबलाइटखाली चकाकली. गुळगुळीत, गुलाबीसर, मधेच चुरगळलेली; दुधावरची साय बोटानं बाजूला सरकवावी तशी. माणूस ओळखायच्या आधी त्यांनी ती कातडी ओळखली.

दारातच मुख्याध्यापिका शर्मिष्ठा मॅडमनी ओळख करून दिली होती खरी. शर्मिष्ठा मॅडम पुण्याहून नवऱ्याच्या बदलीनं आलेल्या, शुद्ध बोलणाऱ्या, उत्साही. "वनमालाताई, या आमच्या गोदना कार्यशाळेच्या सुकारो दीदी. कांकेरला शिक्षिका आहेत, आठवडाभर आमच्या मुलांना शिकवताहेत." आणि ती बाई पूर्ण बाह्यांच्या कुर्त्यात, सगळ्यांना करावा तसा नमस्कार करून म्हणाली होती, "नमस्ते मैडम." सुकारो नाव काय, शुक्रवारी जन्मलेली दर तिसरी पोट्टी तिकडे सुकारो. बाईंनी कानावरून जाऊ दिलं होतं. हॉलमध्ये पुठ्ठ्याची शिंगं डोक्यावर बांधलेली पोरं धावत होती, रंगीत कागदाची पिसं पंख्याच्या वाऱ्यानं उडत होती, स्टेजवर शाल आणि नारळ मांडून ठेवले होते, ते बाईंसाठी. बत्तीस वर्षं आदिवासी मुलींच्या छात्रावासाच्या, म्हणजे वसतिगृहाच्या, अधीक्षिका, म्हणून सत्कार. हे सगळं नातीनं, यामिनीनं, घडवून आणलं होतं. तिनं निबंधात लिहिलं होतं की माझ्या आजीनं शंकर नगरच्या छात्रावासात शिरलेल्या अस्वलाच्या तोंडातून एका मुलीला ओढून काढलं, आणि निबंध नोटीसबोर्डावर लागला होता. सगळं जग आजीच्या गोष्टींना थापा म्हणत होतं, पण ही एक गोष्ट यामिनी खरी मानत होती. कारण या गोष्टीला पुरावा होता: आजी ही गोष्ट सांगताना रडायची. आणि आत्ता यामिनी तिसऱ्या रांगेच्या टोकाला बसली होती. त्या बाईनं बाही सारली होती ती यामिनीचाच हात पकडायला.

"आजी, बोलो ना! भालू वाली!" यामिनी ओरडली.

बोलायला तर हवं. बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "तर राज्य नवीन होऊन तीन वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालेलं. जिकडे पाहा तिकडे पाट्या रंगवून राहिले, रस्ते उकरून राहिले, अन् मंत्री म्हणा, साहेब म्हणा, राहायले घरं कमी पडून राहिली. आमचं छात्रावास शंकर नगरात, भाड्याच्या बंगल्यात. दिवाळीची सुट्टी संपवून पोट्ट्या गावाहून आल्या, येताना पेटीत वाळलेली मोहाची फुलं लपवून आणली. अन् अस्वलाले मोहाचा वास कुठून येते, माहीत आहे? वीस कोसावरून!" बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत चाललं होतं, कारण हॉलही तसाच होता. एका पुठ्ठ्याच्या शिंगांनी विचारलं, "पर आजी, बस्तरहून केशकालचा घाट उतरून अस्वल आलं कसं? बसनी?" बाई म्हणाल्या, "बसनीच. उभ्यानं आलं बिचारं. सीट नाही भेटली." हॉल फुटला. हसणारी तोंडं एकामागून एक उघडली, आणि त्या सगळ्या उघड्या तोंडांमागे एक मान खाली घातलेली, पेनाचं टोक यामिनीच्या मनगटावर टेकवून बारीक ठिपके देत असलेली. तिनं वर पाहिलं नाही. ओळखलं असेल का? ओळखलंच असेल. कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापलंय जाडजूड. मग काहून आली? काहून बसली एवढ्या जवळ?

सुकारो तेरा वर्षांची होती तेव्हा. हाडांची मोळी, पण डोकं असं की इंग्रजीचा धडा एकदा ऐकला की दुसऱ्यांदा तीच म्हणून दाखवायची. वनमालाबाईंचा जीव त्या पोट्टीत अडकला होता, आणि ही गोष्ट बाईंनी कधी कोणाला सांगितली नाही, कारण ती खरी होती. छात्रावासात त्यांची हजेरी घ्यायची पद्धत म्हणजे नाव घ्यायचं आणि तोंडात मारायचं. उशिरा उठली, मार. आपसात गोंडीत बोलली, दोन मार. ताटात टाकलं, ताट डोक्यात. माराशिवाय माणूस घडतो यावर बाईंचा विश्वास नव्हता, त्या स्वतः तशाच घडल्या होत्या. पण सुकारोला त्यांनी तोवर एकदाही हात लावला नव्हता. तिला त्यांनी शहरातल्या मोठ्या शाळेत टाकलं, साहेबांच्या दारात चार-चार तास उभं राहून. त्या शाळेत पाहुणे येणार होते आणि इंग्रजीतलं स्वागताचं भाषण सुकारो करणार होती. राजधानीतल्या पोरी बाजूला, आणि घाटापलीकडच्या गावची नेताम आडनावाची गोंड पोट्टी पुढे! बाई आठ दिवस झोपल्या नव्हत्या आनंदानं. आणि दिवाळीहून ती परत आली ती डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत ताजा गोदना घेऊन. काजळाचे हिरवट-काळे ठिपके, मधे शिडी, दोन्हीकडे फुलं, वर हळद आणि तेल माखलेलं, सुजलेलं. अर्ध्या बाह्यांचा गणवेश. "ये क्या किया रे?" बाई ओरडल्या, तर ती हसली. "डोकरी दाई करवाई है मैडम. बाकी सब इहें छूट जाथे, गोदनाच साथ जाथे." डोकरी दाई म्हणजे आजी, आणि तिचं म्हणणं, मेल्यावर पैंजण काढतात, साखळी काढतात, हे कोणी काढू शकत नाही, वर आपल्या माणसांनी ओळखायचं ते यावरून. कौतुकानं हात पुढे धरून उभी होती, जसं काही बाईही आता म्हणतील, वा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती शाईनं माखलेला हात घेऊन. मधल्या सुट्टीत तिघींनी तिला धरून तिच्या हातावर शाईची दौत ओतली होती, 'अब पूरा कर दिया' म्हणून. ती चुपचाप नळावर बसून धूत होती, आणि शाई गेली, गोदना राहिला.

"अन् अस्वल माणसाले कसं मारते, सांगू?" माइकमधून बाईंचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "वाघ मान धरते. अस्वल मान नाही धरत. ते आधी तोंड फाडते. उभं राहते, गळ्यात पडल्यासारखं करते, जसं काही मावशी भेटली, अन् मग नखं इथं रोवते अन् खाली ओढते. कातडी अशी निघून येते, केळीच्या सालीसारखी." पोरांनी आनंदानं चित्कार केले. शर्मिष्ठा मॅडम खुर्चीत जरा चुळबुळल्या. पोरांना रक्त आवडतं, हे बाईंना फार पूर्वी कळलं होतं. दुसऱ्याचं असलं की सगळ्यांनाच आवडतं. "भिंतीवर रक्त! पिठाच्या डब्यावर रक्त! आमची स्वयंपाकीण माया कढईखाली लपलेली, तिचा नुसता पाय बाहेर!" बोलत असताना बाईंचं बोट आपोआप स्वतःच्या हनुवटीवर गेलं. तिथे डाळीएवढा पांढरा डाग होता. नवीन माणसाला त्या सांगत, मगरीनं चुंबन घेतलं.

तिथे पूर्वी एक हिरवा ठिपका होता. वरुडला, सात वर्षांची असताना, गोंदणारीण ओट्यावर येऊन बसली, आणि आईनं वनूला मांडीत दाबून तो गोंदवून घेतला होता. आईच्या हनुवटीवर होता तसाच. सुया टोचत असताना आई काहीतरी गुणगुणत होती. चौदाव्या वर्षी रायपूरच्या रेल्वेतलं स्थळ आलं आणि आत्या म्हणाली, शहरातली माणसं आहेत बाप्पा, गोंदणवाली पोट्टी पाहून चहाही न पिता जातील. आत्यानं बिब्ब्याला दाभण टोचून तो दिव्यावर धरला. काळं तेल सुटून थेंबथेंब वाटीत पडलं. मग वनूचं डोकं आपल्या दोन्ही गुडघ्यांत आवळून धरलं आणि काडीनं तेल लावलं. आधी काहीच नाही. मग एक मुंगी. मग हनुवटीच्या जागी पेटलेली गोवरी. आत्याचे गुडघे कानांवर दाबलेले, त्यामुळे स्वतःचं ओरडणं वनूला दुरून, शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू आलं. फोड आला, फुटला, खपली धरली, खपली पडली, ठिपका गेला. आई तीन दिवस तिच्याकडे पाहत नव्हती. पण स्थळ जुळलं. रायपूर मिळालं, पुढे बी.ए. मिळालं, नोकरी मिळाली, खुर्ची मिळाली. म्हणजे औषध लागू पडलं होतं! हा हिशोब बाईंच्या अंगात इतका खोल गेला होता की तो हिशोब आहे हेही त्यांना कधी जाणवलं नाही. डाळीएवढ्या ठिपक्याला जे पुरलं, ते वीतभर हाताला का नाही पुरणार?

रविवारी दुपारी त्यांनी सुकारोला खोलीत बोलावलं. प्रेमानं. आधी पेढा दिला. वाटीतलं काळं तेल, कापसाचा बोळा, तोच जुना तिखट कोंदट वास. "थोडं चरचरेल. मलेही झालं होतं. पाह्य बेटा, हे गेलं की तुले कोणी हसणार नाही." पोट्टीला अर्धंच समजलं, पण मैडमवर भरवसा, तिनं हात पुढे केला. सोमवारी हात भोपळ्यासारखा सुजला, फोडांवर फोड चढले, पिवळं पाणी भरलं. ताप. बाईंनी तापाच्या गोळ्या जबरीनं तिच्या तोंडात घातल्या. मंगळवारी सकाळी फोड फुटले, आणि फुटलेल्या फोडांखालून, ओल्या लाल मांसातून, ती शिडी आणि ती फुलं, पहिल्यापेक्षाही ठळक, बाईंकडे पाहत होती. गुरुवारी भाषण. बाईंच्या डोक्यात तेव्हा काय झालं ते त्यांनी पुढे वीस वर्षं अनेकदा पाहायचा प्रयत्न केला. राग? राग नव्हता. दया म्हणावी तर तीही नव्हती. एक चेव होता, वर आलेला डाग पाहून धुणाऱ्या बाईला येतो तसा. त्यांनी तिला न्हाणीत नेलं, दगडावर बसवलं, धुण्याचा सोडा घेतला, आणि टाचा घासायची वजरी घेतली. माया दारात आली होती, तोंडात पदर धरून. मग ती तिथे नव्हती. वजरीचा आवाज आठवतो, ओल्या नारळावर किसणी फिरावी तसा. फरशीवरचं पाणी आधी राखाडी आठवतं, मग गुलाबी. आणि मग ती ओरडली, आणि मी थांबले. इथे आठवण नेहमी संपायची. मी थांबले, इथे.

इस्पितळात डॉक्टरनं विचारलं तर बाईंच्या तोंडून निघालं, "उकळती पेज सांडली हो." पहिली थाप. ती इतकी सहज निघाली की बाईंना स्वतःचंच नवल वाटलं. डॉक्टरनं एकदा हाताकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि कागदावर पेज लिहून टाकली. चौकशीच्या साहेबासमोर पेजेची कढई झाली. नातलगांच्या लग्नात कढईमागून कुत्रं आलं. आणि निवृत्तीच्या समारंभात, फुलांचा हार गळ्यात असताना, कुणीतरी म्हटलं, बाई एक झकास होऊन जाऊ द्या, तेव्हा त्या कुत्र्याला केस फुटले, नखं आली, ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. गोष्टीत सुकारो दरवर्षी बरी होत गेली. खऱ्यातली सुकारो सव्वा महिना इस्पितळात होती. मांडीची कातडी काढून हातावर लावली. मग तिची डोकरी दाई आली, न्यायला. कमरेत वाकलेली, दोन्ही हात, पाय, गळा गोदन्यानं भरलेले, जणू अंगावर कपडाच चढवलेला. तिनं आरडाओरडा केला नाही. पट्टी सोडायला लावली, नातीचा हात उलटा-पालटा करून पाहिला, जशी भाजी पाहतात, आणि बाईंना शांतपणे विचारलं, "अब ओ पार एला कोन चिन्हही?" पलीकडे हिला आता कोण ओळखेल? बाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही, एवढंच. भाषण दुसऱ्या पोरीनं केलं. ठीकठाक केलं.

"फिर आजी? तवा मारा ना?" कुणीतरी आठवण दिली. हो, तवा. या ठिकाणी बाई अस्वलाच्या नाकावर तवा मारत असत, आणि पोरं तव्याचा आवाज काढत असत. पोरं तयार होती, हात वर करून. सुकारोनं यामिनीच्या मनगटावर शिडी पूर्ण केली होती. आता ती शिडीच्या बाजूला फुलं काढत होती. तीच फुलं. यामिनीचा गोरा, बारीक, अकरा वर्षांचा हात तिच्या हातात निवांत पडला होता, भरवशानं. "अस्वलानं तिचा हात धरला," बाई म्हणाल्या, "अन् आधी सोड्यानं धुतला." हॉल खदखदून हसला. "धुतला?" "हव. स्वच्छतेची आवड होती अस्वलाले. मग म्हणालं, बेटा, थोडं चरचरेल." पोरं लोळायला लागली. एकटी यामिनी हसली नाही. "ये तो पहले नहीं था," ती म्हणाली. पेनाचं टोक फुलाच्या मधोमध थांबलं होतं.

बाईंनी माइक घट्ट धरला. शाल, नारळ, शर्मिष्ठा मॅडमचा प्रसन्न चेहरा, दारावरची आंब्याची पानं. आता तवा मारला की सगळं पार पडणार होतं; टाळ्या, शाल, घरी जाताना यामिनी बोट धरणार. एक तवा फक्त. "अस्वल नव्हतं," त्या म्हणाल्या. "मीच होती."

पुन्हा हशा. "आजी भालू! आजी भालू!" पुठ्ठ्याची शिंगं नाचू लागली. सुरुवातीची पैज त्या जिंकल्या होत्या, एकही जण मानत नव्हता. बाई थांबल्या नाहीत. त्या बोलत राहिल्या, हळू, सपाट, सजावट न करता, आणि हे त्यांना इतकं नवं होतं की दर वाक्याला दम लागत होता. बिब्ब्याचं सांगितलं. फोडांचं सांगितलं. वजरी म्हणजे काय ते शहरातल्या पोरांना सांगावं लागलं. हसू आधी मागच्या रांगांत विझलं, मग मधे, शेवटी पुढे. एक लहान मुलगी रडू लागली, तिला बाहेर नेलं. शर्मिष्ठा मॅडम उठल्या, "ताई, जरा," असं काहीतरी म्हणाल्या, आणि बाईंनी त्यांना हातानंच खाली बसवलं, जशा मुलींना बसवत. "ती पोट्टी हुशार होती. मले ती मोठी करायची होती. माझ्यासारखी. म्हणून मी तिले सोललं." यामिनी आजीकडे पाहत होती. तिचा चेहरा पाहायचा बाईंना धीर झाला नाही. त्यांनी तिच्या खांद्यामागच्या भिंतीकडे पाहिलं. छाती मात्र हलकी होत होती, विचित्र हलकी, जसा ताप उतरताना घाम फुटतो, आणि त्या हलकेपणातच जुनी सवय कुठूनशी जागी झाली. गोष्टीला शेवट लागतो. ऐकणाऱ्याला हातात काहीतरी द्यावं लागतं, रिकामं पाठवायचं नसतं. "एकदाच ओरडली ती," बाई म्हणाल्या, आणि आवाज जागेवर आला, भरला, थरथरला जिथे थरथरायला हवा तिथे. "'ए दाई', ए आई म्हणून. अन् तो आवाज माझ्या कानात पडला मात्र, माझी वजरी गळून पडली. मी थांबली. त्याच क्षणाले थांबली."

सुकारोनं यामिनीचा हात उचलून हलकेच तिच्याच मांडीवर ठेवला. पेनाला टोपण लावलं. मग पहिल्यांदाच मान वर केली, आणि बसल्या जागेवरून, हजेरी द्यावी तशा आवाजात म्हणाली, "नहीं मैडम. आप रुकी नहीं थीं. हाथ थक गया था, तो आपने हाथ बदला था."